गाडीत चार्जिंगची जागा

आमच्या घरात फोन आला तेव्हा आम्ही घरात नव्हतो. गावाकडे दोन खोल्या होत्या, पण त्यांना कुलूप. दिवाळी झाली की बाबा आणि माय मेंढरं घेऊन निघायचे, ते पेरणीच्या तोंडावर परतायचे. आज एकाच्या रानात मेंढरं बसवायची, चार दिवसांनी दुसऱ्याच्या. लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी मेंढरांना आनंदाने बोलवायचे. मेंढरांमागच्या माणसांनी फोन कुठे चार्ज करायचा, हा प्रश्न त्यांना पडायचं काही कारण नव्हतं.

फोन एकच, बटणांचा. माय सकाळी जवळच्या गावात जाऊन पिठाच्या गिरणीत तो ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणायची. गिरणीवाला बरा असला तर लावून ठेवायचा. नसला तर ऐकवायचा, "मावशी, मेंढरायला फोन करायचा असतो व्हय तुमाला?" माय हसायची. हसण्यावाचून दुसरं काय करणार? पुष्कळदा दिवसभर लाईटच नसायची. कधी दुसऱ्या कुणाचा फोन लावायचा म्हणून आमचा काढून बाजूला ठेवलेला असायचा. मग तेवढं चालून माय तसाच मेलेला फोन घेऊन परत यायची.

मी तेव्हा हिंगोलीला आत्याकडे राहून शिकत होते. बारावीला मार्क चांगले पडले आणि मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात माझा नंबर लागला. प्रवेश पक्का करायचा तर ओटीपी पाहिजे, आणि ओटीपी जाणार बाबांच्या फोनवर. त्या वर्षी पाऊस लांबला होता, मेंढरं अजून रानातच, आणि फोन बंद. दोन दिवस मी लावत राहिले. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा मुदत संपलेली होती. बाबा तिकडून विचारत होते, "काय झालं बाई? काहून रडून राहिलीस?" मी सांगितलं, काही न्हाई, सर्दी झाली.

पुढे हिंगोलीतच बी.एस्सी. केलं, मग बी.एड. त्याचं मला दुःख नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. आता एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गाला विद्युतधारा मीच शिकवते. हे मुद्दाम लिहिलंय, कारण पुढे जे झालं त्यात घरच्यांनी मला ह्याच गोष्टीवरून सगळ्यात जास्त चिडवलं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी गाडी घेतली. जुनीच, पण चांगली ठेवलेली. पहिल्या मालकाने चाव्या दिल्या, कागद दिले, सोबतचं माहितीचं पुस्तक काही दिलं नाही. मी म्हटलं, गाडीच आहे, त्यात वाचायचं काय?

गाडी पहिल्यांदा गावाकडे नेली ती पूजेला. चाकाखाली लिंबं, समोर नारळ, इथवर सगळ्यांच्यासारखंच. पण आमच्यात खंडोबाचा भंडारा उधळल्याशिवाय कोणतीच वस्तू घरची होत नाही. मेंढरं निघताना उधळतात, लग्नात उधळतात. माझ्या पदवीच्या कागदावरही उधळला होता, त्याचा हळदीचा डाग अजून तसाच आहे. मी हात जोडून म्हणाले, "बाबा, बाहेरून उधळा. आत नको."

बाबा म्हणाले, "आपण बसायचं आत आन् देवाला ठिवायचं बाहीर?"

ह्यावर विज्ञानात उत्तर नाही. बाबा आणि माय, दोघांनी मुठी भरभरून भंडारा आत उधळला आणि त्यावर फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडलं. आठ दिवस मी पिवळी साडी नसतानाही पिवळी होऊन शाळेत जात होते.

आता चार्जिंगचं. गाडी घेताना विकणाऱ्याने सांगितलं होतं की चार्जिंगची सोय आहे. कुठे आहे ते मीही विचारलं नाही; शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते. समोर गिअरच्या पुढे एक गोल छिद्र होतं. त्यात आमची कोणतीच पिन बसेना. बाबांनी वाकून बघितलं आणि निकाल दिला, "हे बिडी पेटवायचं हाय. म्या बिडी सोडली तवा कुठं ही गाडी आली."

गोल छिद्राशेजारी चपट्या तोंडाचं एक होतं, यूएसबीचं. ते मला ओळखू आलं. पण केबल लावली की अर्धी आत जायची आणि अडायची. दाबून लावली तरी फोनवर काही दिसेना. मी निदान केलं, पोर्ट खराब आहे. हिंगोलीत गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने दारातूनच, काळा चष्मा न काढता, सांगितलं, "मॅडम, पोर्ट गया. पूरा बदलना पडेगा." मला ते लगेच पटलं, कारण त्याचं आणि माझं मत एकच निघालं होतं.

असे सहा महिने गेले. माय तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यामुळे माझ्याकडे हिंगोलीत राहायला आली होती. धाकटी बहीणही शिकायला माझ्याकडेच. मेंढरांमागे एकटे बाबा. माय गाडीत कायम मागे बसणार, पाय वर घेऊन, आणि सीटवर तिचं घोंगडं अंथरलेलं. गाडीचं सीट थंड लागतं म्हणे. घोंगडं मोठं, त्याचं एक टोक पुढच्या दोन सीटांच्या मधल्या डब्यावर लोंबायचं. एकदा नरसीला दर्शनाला निघालो तेव्हा मागून माय म्हणाली,

"बाई, हितं दोन नाकपुड्या हायेत."

"कुणाच्या?"

"गाडीच्या. डब्याला. गार वारा येतो का काय त्यातून? पर न्हाई येत."

मी गाडी बाजूला घेतली. घोंगडं उचललं तर डब्याच्या मागच्या अंगाला, पायांजवळ, बारीक तोंडाचे दोन पोर्ट. टाइप-सीचे. शेजारी विजेचं एवढंसं चिन्हही काढलेलं. बहिणीने तिचा फोन लावला, लगेच चार्ज व्हायला लागला.

बहीण म्हणाली, "अक्का, तू नववीला काय शिकवतेस गं?"

"गप बस."

"न्हाई, खरंच इचारून राहिले. विद्युतधारा का काय ते. सहा महिने तिच्यावर घोंगडं होतं."

माय म्हणाली, "असू दे. तिला बी थंडी वाजली असंल."

बाबांना हे कळलं तेव्हा ते आपला बटणांचा फोन घेऊन तपासायला आले. त्यांची केबल दुसऱ्या टोकाला चपट्या तोंडाची, जुनी. बारीक पोर्टात ती काही जाईना. "बघा," ते म्हणाले, "मोठ्या लोकायच्या फोनाला जागा दोन-दोन, आन् आमच्याला न्हाई. गाडीत बी वरचे-खालचे हायेत." मी त्यांना नवा स्मार्टफोन देत होते, एकदा नाही, तीनदा. ते घेईनात. म्हणायचे, "माझा पाच दिस चालतो. तुझा जेवणाच्या टायमाला मरतो. मग शाना कोन?"

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बहिणीच्या नर्सिंगची यादी लागली.

तिला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. ती लहान असताना रानात मायला तीन दिवस ताप होता. त्या तीन दिवसांत ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत ती मायच्या उशाशी बसून होती. तेव्हापासून कुणी विचारलं की हेच सांगायची. त्या वर्षी यादी लांबत लांबत दिवाळीनंतर आली. तिचा नंबर लागला, सरकारी जागेवर. पक्कं करायचं होतं संध्याकाळी पाचपर्यंत. आदल्या दिवशी साईट उघडलीच नव्हती, म्हणून शेवटच्या दिवसावर आलं.

मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले. बहिणीने फोनवर साईट उघडली, सगळं भरलं, बटण दाबलं. मग म्हणाली, "अक्का, ओटीपी पाठवला म्हणून राहिले. पण हा नंबर ना माझा, ना तुझा."

अर्ज मीच भरला होता. आमच्याकडे कोणताही फॉर्म पुढे आला की नंबर लिहायचा तो घरच्या कर्त्या माणसाचा. रेशनच्या कागदावर तोच, बँकेत तोच, गॅसला तोच. तसं न केलं तर बाबांना मागे सारल्यासारखं होतं. माझा स्वतःचा प्रवेश ज्या नंबरापायी गेला, तोच नंबर मी, पदवीधर बाईने, बहिणीच्या अर्जावर लिहिला होता.

फोन लावला. बंद.

बहिणीने मला बोल लावला नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती नुसती ओढणीचं टोक चावत गाडीत जाऊन बसली. माय घोंगडं घेऊन मागे. निघालो.

बाबा सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे कुठेतरी आहेत, एवढंच माहीत होतं. औंढ्यापर्यंत फोनमधला नकाशा कामाला आला. पुढे कच्च्या वाटेला लागल्यावर माय म्हणाली, "हळू चालव. खाली बघू दे." खिडकीतून डोकं बाहेर काढून ती वाटेवरच्या लेंड्या बघत होती. "ह्या वाळल्या हायेत. कालच्या. सरळ घे." मग थोड्या वेळाने, "आता डाव्या अंगाला. ओल्या लेंड्या हायेत, जवळच हाय तुझा बाप." आणि खरंच, वळण घेतलं तर समोर तुरीच्या शेताच्या बांधाला मेंढरं, आणि मेंढरांच्या मागे बाबा.

आम्हा तिघींना एकदम बघून त्यांचा चेहरा उतरला. "काहून आलात? कोन गेलं?"

"कोनी न्हाई गेलं," माय म्हणाली. "तुमचा फोन गेला."

"तो परवाच गेला. ह्या हप्त्यात लाईट रातची हाय. पंपाच्या डब्यात लावत व्हतो, मालकानं डब्याला कुलूप घातलं." मग सगळं ऐकून ते बांधावर बसले. मला विचारलं, "तुझ्या टायमाला बी असंच झालं व्हतं का? तवा तू रडून राहिली व्हतीस."

इतक्या वर्षांनी विचारलं. मी म्हणाले, "बाबा, ते राहू द्या. अडीच वाजलेत."

बहीण म्हणाली, "सिम काढून अक्काच्या फोनात टाकू." काढलं. जुनं सिम, मोठ्या आकाराचं, माझ्या फोनात जाईना. मायने झोळीतून लोकर कातरायची कातर काढली. "किती कापायचं ते सांग. मी बराबर कापते."

"माय! ठेव ती कातर!"

"मग आनली कशाला मी?"

कातर कामी आली, पण वेगळ्या कामाला. गाडीतल्या त्या तपासणीनंतर केबल आणि चार्जरचा ठोकळा हरवू नयेत म्हणून बाबांनी दोन्ही काळ्या चिकटपट्टीने एकत्र गुंडाळून टाकले होते, इतके की ती एकच वस्तू वाटत होती.  मायने पट्टी कापली, केबल मोकळी झाली. आता हातात केबल होती, मागे बारीक तोंडाचे दोन धडधाकट पोर्ट होते जे तिला घेईनात, आणि समोर चपट्या तोंडाचा बराबर पोर्ट होता जो खराब होता.

मी केबल त्यात लावली. अर्धी गेली, अडली. "खराब आहे," मी म्हणाले. "दुकानदारानं पण सांगितलं."

बाबांनी विचारलं, "त्यानं आत बघितलं व्हतं?"

"न्हाई."

"तू?"

मी केबल बाहेर काढली.

बाबा पुढच्या सीटवर आले. आजवर ते पुढे कधी बसले नव्हते. त्यांनी बहिणीला फोनचा टॉर्च लावून धरायला सांगितलं, उजेडात डोळा बारीक करून आत बघितलं, आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले, "काटा आना. बाभळीचा. लांब बघून."

मेंढीच्या खुरात काटा मोडला की बाबा काढतात. पंचक्रोशीत लोक त्यांच्याकडे मेंढरं आणतात. कातडं न फाटता काटा बाहेर येतो. मी जेवढं करू शकले तेवढं केलं: गाडीची चावी बंद केली आणि म्हणाले, लोखंडाचं काही आत घालू नका. बाबा म्हणाले, "बाभूळ काय लोखंडाची असते का, मॅडम?" हे मॅडम त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं, आणि ते मानाने म्हटलं असं मी म्हणणार नाही.

त्यांनी काटा आत घातला, कडेकडेने फिरवला, बाहेर काढला. टोकावर पिवळा खडा. परत घातला. आणखी एक खडा. घट्ट, वाळलेला, सिमेंटसारखा.

आम्ही चौघंही त्या खड्याकडे बघत राहिलो.

"भंडारा हाय हा," बाबा म्हणाले.

"नारळाच्या पाण्यात मळलेला," बहीण म्हणाली.

मायने लगेच पदर पसरला. "खाली पाडू नका, देवाचा हाय. आन् माझ्याकडं बघू नका. म्या चिमूटभर उधळला व्हता. मूठ तुमी भरली व्हती."

"म्या टपावर उधळला. आत तूच वाकली व्हतीस."

"नारळाचं पानी कोनी शिंपलं?"

"पानी तर शास्त्र हाय!"

"मी बाहेरून उधळा म्हणाले होते," मी म्हटलं.

दोघं एकदमच माझ्यावर उलटले. वर्षभर गाडी कोण चालवून राहिलं होतं? शाळेत विज्ञान कोण शिकवतं? आपल्याच डोळ्यापुढच्या पोर्टात आपलाच भंडारा आहे हे कुणाला दिसलं नाही? बहीण त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मायने पदरातला एक खडा बोटाने चुरला आणि तिच्या कपाळाला लावला.

सव्वातीन झाले होते. बाबांनी शेवटची फुंकर मारली, मी केबल लावली. पूर्ण आत गेली. चावी फिरवून गाडी चालू केली. फोन बाबांच्या हातात. काहीच दिसेना. एक मिनिट, दोन मिनिटं. बहिणीने परत ओढणी तोंडात घातली. बाबांनी फोन दोन्ही तळव्यांत धरला होता, नुकतंच जन्मलेलं कोकरू थंडीत धरतात तसा.

"उभ्या गाडीत तेल जळून राहिलं," ते हळूच म्हणाले.

"जळू द्या."

पाचव्या मिनिटाला पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं. "धरली," बाबा म्हणाले. "ऊब धरली."

फोन चालू होऊन त्याला रेंज यायला आणखी वेळ गेला. मेंढरं गाडीभोवती आली होती, माय दुखऱ्या गुडघ्याने खाली उतरून त्यांना हाकलत होती आणि दर वळणाला खिडकीत येऊन विचारत होती, "आला का?" बहिणीने तिचा फोन गाडीच्या टपावर ठेवला, तिथेच तेवढी साईट उघडत होती. तिने बटण दाबलं. बाबांचा फोन वाजला.

मी हात पुढे केला. बाबांनी फोन दिला नाही. "मी वाचतो. आकडे येतात मला."

आकडे त्यांना येतात, हे खरं. फोन लावता लावता शिकले. पण मेंढरं मोजायच्या चालीवर, एकेक आकडा बोटाखाली धरून, खात्री करून, परत पहिल्यापासून. त्यांनी निरोपातले सगळेच आकडे वाचायला घेतले, तारखेपासून. बहीण टपाजवळ उभी राहून ऐकत होती. सहा आकडे जुळेपर्यंत ओटीपीची वेळ संपली.

"संपली म्हणजे?" बाबा म्हणाले. "आत्ताच तर आला!"

"बाबा, परत मागवते," बहीण म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ह्या बारीला फक्त सहा आकडे. सलग. एकदाच."

पावणेचार झाले. साईट गोल गोल फिरायला लागली. फिरत राहिली.  चार वाजून गेल्यावर पान उघडलं, तिने बटण दाबलं, फोन वाजला. मला वाटलं आता तरी फोन माझ्या हातात देतील. दिला नाही. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, ओठ दाबून, कारण एक अक्षर बोलले तर त्यांचा आकडा चुकेल. त्यांनी मोठ्याने, रानात हाक मारतात त्या आवाजात, सहा आकडे वाचले. तिने टाकले.

मग ती टपाला दोन्ही हात लावून उभी राहिली आणि बाबांकडे बघून हो म्हणून मान हलवली.

"झालं का गं?" मायने मेंढरांच्या पलीकडून विचारलं. "कोनी सांगल का मला? झालं का?"

"झालं," बाबा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश पक्का झाला. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.